हाडांची ठेवण बदलत नाही, पाय टाकण्याची पद्धत बदलते

खुर्चीत बसा, तळवे जमिनीला टेकवा आणि गुडघा काटकोनात ठेवा. वाटीच्या खालच्या टोकावर बोट ठेवून ते हळूहळू खाली न्या. एक ताठ पट्टा लागेल आणि साधारण दोन इंचांवर नडगीच्या हाडाचा टणक उंचवटा. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा सगळा जोर या पट्ट्यातून त्या उंचवट्यावर येतो. आता पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना, वाटीच्या टोकाच्या जरा खाली, बोटं दाबा. तिथे मऊ खळगे लागतात. त्यांच्या मागेच मांडीचं हाड आणि नडगीचं हाड समोरासमोर येतात. गुडघा दुखावल्यावर डॉक्टर या फटीवर बोट फिरवून कुठे दुखतं ते विचारतात, म्हणून ही जागा स्वतःच्या गुडघ्यावर ओळखता आलेली बरी.

त्या फटीत वरून येणारं हाड गोल आहे आणि खालचं जवळजवळ सपाट. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन गोलसर उंचवटे असतात आणि त्यांच्यामध्ये एक खाच असते. नडगीच्या हाडाचा माथा पसरट असतो. आतल्या बाजूला किंचित खोलगट, बाहेरच्या बाजूला किंचित फुगीर. खुब्यात मांडीच्या हाडाचं डोकं खोल खोबणीत बसलेलं असतं, त्यामुळे खुबा सहजासहजी निखळत नाही. गुडघ्याला अशी खोबण नाही. तिथे हाडांना जागेवर धरण्याचं काम चार मुख्य लिगामेंट (हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे), हाडांच्या मधल्या दोन गाद्या आणि भोवतालचे स्नायू करतात. खेळताना गुडघ्याचीच लिगामेंट इतक्या वेळा का जातात, याचं मूळ उत्तर हाडांच्या या बैठकीत आहे.

चारपैकी दोन लिगामेंट बाजूंना असतात: आतल्या बाजूला एमसीएल, बाहेरच्या बाजूला एलसीएल. उरलेली दोन मधल्या खाचेत एकमेकांना ओलांडून जातात: पुढचं एसीएल, मागचं पीसीएल. पीसीएल चांगलं जाड असतं. दुचाकीच्या अपघातात वाकलेला गुडघा समोरून आदळला की ते जातं. एमसीएल एकटंच दुखावलं असेल तर बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय भरून येतं. खेळाडूची झोप उडवतं ते एसीएल. ते सव्वा ते दीड इंच लांब आणि जेमतेम सेंटिमीटरभर रुंद असतं. मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्याच्या खाचेकडच्या भिंतीपासून ते निघतं आणि तिरकं उतरत नडगीच्या माथ्याच्या पुढच्या भागात रुजतं. नडगीला पुढे सरकू द्यायचं नाही आणि आत फिरू द्यायचं नाही, ही त्याची दोन कामं. निरोगी तरुणाचं एसीएल तोडायला प्रयोगशाळेत सुमारे २,००० न्यूटन, म्हणजे साधारण दोनशे किलो वजनाइतका ताण लागतो. हा आकडा मोठा वाटतो, पण भरधाव येऊन एका पायावर थांबताना स्नायू वेळेवर मदतीला आले नाहीत, तर तो ओलांडला जातो.

कोणत्या ठेवणीत धोका जास्त

सगळ्यांचे गुडघे सारखे नसतात. एसीएलच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा फरक नडगीच्या माथ्याच्या उताराचा. हा माथा पातळीत नसतो, तो मागच्या बाजूला थोडा खाली झुकलेला असतो. बहुतेकांत हा उतार सात ते दहा अंशांच्या आसपास सापडतो, काहींत त्याहून कमी, काहींत बराच जास्त. उतारावर उभ्या केलेल्या गाडीला हँडब्रेकवर जो ताण येतो, तोच इथे एसीएलवर येतो: पाय टेकला आणि अंगाचं वजन वरून आलं की मांडीचं हाड उतारावरून मागे घसरू पाहतं, म्हणजेच नडगी पुढे ढकलली जाते, आणि तिला एसीएलने धरून ठेवायचं असतं. उतार जितका तीव्र, तितका प्रत्येक पावलाला हा ताण जास्त. ज्यांचं नवीन बसवलेलं एसीएलही पुन्हा फाटतं, त्यांच्या एक्स-रेमध्ये हा उतार १२ अंशांच्या वर आहे का, हे सर्जन आवर्जून मोजतात. काही निवडक रुग्णांत हाड कापून तो कमीही करतात.

बाहेरच्या बाजूला माथा फुगीर असल्याने तिथे घसरण आणखी सोपी होते. नडगी नुसती पुढे जात नाही, ती पुढे जाता जाता फिरते. एसीएल फाटलेल्या रुग्णाच्या एमआरआयमध्ये हे हमखास दिसतं. मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्याला आणि नडगीच्या माथ्याच्या बाहेरच्या, मागच्या कोपऱ्याला मुका मार लागलेला असतो. एरवी या दोन जागा एकमेकींसमोर नसतात. लिगामेंट तुटून हाड निसटलं, त्या क्षणी त्या एकमेकींवर आपटतात. अहवालात 'बोन कंट्युजन' वाचून हाड मोडलं म्हणून घाबरू नका. तो मुका मारच असतो आणि काही महिन्यांत ओसरतो.

दुसरा फरक खाचेचा. मधली खाच अरुंद असली तर एसीएलला जागा कमी मिळते, आणि अरुंद खाचेतलं एसीएल बहुधा बारीकही असतं. तिसरा वाटीचा. वाटी ज्या पन्हळीतून सरकते ती उथळ असेल, किंवा वाटी नेहमीपेक्षा वर बसलेली असेल, तर वळताना ती बाहेरच्या बाजूला निसटते आणि तिला आतून धरणारं लिगामेंट फाटतं. वाढत्या वयातल्या मुलामुलींत हे बरंच दिसतं. वाटी बहुतेक वेळा आपोआप जागेवर येते. मूल सांगतं, 'गुडघा सटकला आणि परत बसला.' हे वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, त्यावरून निदानाची दिशा बदलते.

मग सगळ्या मुलांचे एक्स-रे आणि एमआरआय काढून उतार मोजून घ्यायचे का? नाही. उतार आणि खाच या धोका थोडा वाढवणाऱ्या गोष्टी आहेत, त्यांवरून अमुक मुलाला दुखापत होईलच असं कोणी सांगू शकत नाही. त्याऐवजी फुकटात कळणाऱ्या दोन गोष्टी बघा. मूल ताठ उभं राहिलं की त्याचा गुडघा मागे कमानीसारखा झुकतो का? आणि आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाचं एसीएल फाटलंय का? यातलं एक जरी 'हो' असेल, तर शेवटी दिलेला सराव त्या मुलाने एकदाही चुकवू नये.

बोनस रेषेवर काय होतं

एसीएलच्या दहापैकी सुमारे सात दुखापती कोणाचा धक्का न लागता होतात. थांबताना, वळताना, उडी मारून उतरताना. कबड्डीतला बोनस घ्या. समोर सहा किंवा जास्त बचावपटू असताना चढाई करणारीने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा आणि त्या वेळी दुसरा पाय हवेत हवा, असा नियम. म्हणजे सगळं वजन एका पायावर, पाय लांबवर टाकलेला, गुडघा जवळजवळ सरळ. लगेच तिला मध्यरेषेकडे वळायचंय. मॅटवर बूट घट्ट धरून बसतो; मातीत तोच पाय थोडा घसरला असता. पाऊल जागेवर, अंग वळतंय, गुडघा आत झुकतो. मांडीचे पुढचे स्नायू पूर्ण जोराने आखडतात आणि सुरुवातीला आपण बोटाने चाचपलेल्या त्या पट्ट्यातून नडगीला पुढे ओढतात. गुडघा सरळ असताना मांडीच्या मागच्या स्नायूंना नडगी मागे खेचून धरायला कोन मिळत नाही. व्हिडिओ तपासणाऱ्या अभ्यासकांना असं दिसलं की पाय टेकल्यापासून सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत लिगामेंट गेलेलं असतं. तेवढ्या वेळात विचार करून पाय सावरणं शक्यच नाही. पाय कसा टेकायचा, हे आधीच अंगवळणी पडलेलं असावं लागतं.

धक्क्याने होणारी दुखापत वेगळी. कबड्डीत कोपऱ्यावरच्या बचावपटूने घोटा धरला, पाय मॅटवर खिळला आणि त्याच वेळी कव्हरच्या जागेवरच्या बचावपटूने बाहेरून धडक दिली, की गुडघा आत कोलमडतो. मग एसीएलबरोबर एमसीएल आणि गादीही जाऊ शकते. खो-खोत खांबाला वळसा घालताना, बॅडमिंटनमध्ये मागे उडी मारून एका पायावर उतरताना, फुटबॉलमध्ये धावता धावता दिशा बदलताना कारण तेच: एक पाय, सरळ गुडघा, आत झुकाव आणि पीळ.

मुलींबद्दल स्पष्ट बोलायला हवं. धावण्या-वळण्याच्या एकाच खेळात मुलींना एसीएलची दुखापत मुलांपेक्षा दोन ते आठ पट जास्त होते, असं वेगवेगळ्या अभ्यासांत आढळलंय. वयात येण्याआधी हा फरक जवळजवळ नसतो. नंतर मुलींमध्ये सरासरीने खाच अरुंद, लिगामेंट बारीक, आणि उंची-वजन वाढतं त्या मानाने ताकद वाढत नाही. उडीवरून त्या गुडघा कमी वाकवून उतरतात. यातली हाडं आणि लिगामेंट यांचं आपण काही करू शकत नाही. ताकदीचं मात्र नक्की करू शकतो, आणि इथेच आपण मुलींना कमी देतो. मुलगा तालमीत किंवा जिममध्ये जातो. मुलीला 'वजनं उचलून काय करायचंय' असं घरीही ऐकावं लागतं आणि काही मैदानांवरही. तेराव्या-चौदाव्या वर्षी मांड्या, नितंब आणि पोटाचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम मुलींना शिकवणं ही माझ्या मते खेळाइतकीच गरजेची गोष्ट आहे.

लहान मुलांचं हाड आणखी वेगळं वागतं. आठ ते चौदा वयात बऱ्याचदा लिगामेंट टिकतं आणि ते जिथे रुजलंय तिथलं नडगीचं हाडच कपचा होऊन उखडतं. हे साध्या एक्स-रेत दिसतं. शिवाय गुडघ्याच्या वर आणि खाली हाड वाढण्याच्या कूर्चेच्या पट्ट्या असतात. म्हणून वाढत्या मुलाचं ऑपरेशन ठरत असेल, तर 'वाढीच्या पट्ट्या उघड्या आहेत का आणि त्या कशा जपणार' हा प्रश्न पालकांनी विचारलाच पाहिजे.

दुखापत झाल्यावर

बहुतेक खेळाडू सांगतात की गुडघ्यात 'फट्' असा आवाज झाला किंवा काहीतरी तुटल्यासारखं वाटलं. पण सगळ्यात भरवशाची खूण सुजेची आहे. दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्तस्राव झालाय असं धरून चाला. अशा बहुतेक गुडघ्यांत एसीएल फाटलेलं निघतं. दुसऱ्या दिवशी हळूहळू आलेली सूज बहुधा गादीची किंवा साध्या लचकण्याची असते. अडचण अशी की एसीएल फाटल्यावर दुखणं आठ-दहा दिवसांत कमी होतं, सूज उतरते, मुलगी नीट चालू लागते. सगळ्यांना वाटतं, मुरगळला होता, बरा झाला. ती पुन्हा मॅटवर उतरते आणि पहिल्याच वळणाला गुडघा निसटतो. प्रत्येक वेळी निसटताना हाडांच्या मध्ये गादी चिरडली जाते. गुडघ्याचं कायमचं नुकसान या दुसऱ्या-तिसऱ्या निसटण्यात जास्त होतं.

मैदानावर करायचं ते थोडकं: खेळ थांबवा, पाय उंचावर ठेवा, बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावा, क्रेप बँडेज बेताने बांधा, कुबड्या किंवा आधार घेऊन चला. पहिले तीन दिवस शेक नको, तेलाचं मालिश नको आणि गुडघा ओढून, पिळून 'बसवणं' तर अजिबात नको. सुजलेल्या गुडघ्याला पीळ दिल्याने उखडलेला कपचा आणखी सरकू शकतो, अर्धी फाटलेली गादी पूर्ण फाटू शकते.

एक्स-रे लगेच हवा का, हे ठरवायला डॉक्टर ओटावाचे नियम वापरतात. जखमी व्यक्ती चार पावलंही टाकू शकत नसेल, गुडघा काटकोनापर्यंत वाकत नसेल, वाटीवर किंवा गुडघ्याच्या बाहेर खालच्या बाजूला असलेल्या छोट्या हाडाच्या टोकावर दाबून दुखत असेल, किंवा वय ५५ आणि त्याहून जास्त असेल, तर एक्स-रे काढावा. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, पण हाडं बरंच सांगून जातात. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल सेगाँ यांनी १८७९ मध्ये नडगीच्या माथ्याच्या बाहेरच्या कडेवरून निघालेल्या एका छोट्या कपच्याचं वर्णन केलं होतं. नखाएवढा तो तुकडा दिसला, की आत एसीएल फाटलंय असं समजूनच पुढची तपासणी करतात. अहवालात 'किरकोळ फ्रॅक्चर' एवढंच लिहिलं असेल, तर ते नेमकं कुठे आहे ते विचारा.

तज्ज्ञ डॉक्टर गुडघा थोडा वाकवून, मांडी एका हाताने धरून, नडगी पुढे ओढून पाहतात. ही लॅकमन चाचणी. अनुभवी हाताला ती बरंच काही सांगते. एमआरआय गादी, कूर्चा आणि बाकी लिगामेंटची अवस्था दाखवतो. एमआरआय आणून दाखवल्यावर हात न लावता ऑपरेशनची तारीख दिली जात असेल, तर दुसरं मत घ्या. गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर मात्र वाट पाहू नका. आणि जोरदार अपघातानंतर पाऊल गार पडलं, बधिर झालं किंवा पांढरं दिसलं, तर ती रात्रीसुद्धा धाव घ्यायची वेळ आहे; गुडघ्यामागून जाणारी मुख्य रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते.

फाटलं म्हणजे ऑपरेशन, हे समीकरण सगळ्यांना लागू नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, सक्रिय रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्यांना लवकर ऑपरेशन आणि निम्म्यांना आधी फक्त व्यायाम, गरज पडली तरच नंतर ऑपरेशन, असे दोन गट केले होते. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांची अवस्था जवळपास सारखी होती, आणि दुसऱ्या गटातल्या सुमारे निम्म्यांना ऑपरेशन लागलंच नव्हतं. व्यावसायिक खेळाडू त्यात नव्हते. म्हणून ऑफिस, घर, चालणं, पोहणं, सायकल एवढंच करायचं असेल तर तीन महिने मन लावून व्यायाम करून पाहणं अगदी योग्य आहे. कबड्डी, खो-खो, फुटबॉल पुन्हा खेळायचं असेल, गुडघा वारंवार निसटत असेल किंवा सोबत शिवण्याजोगी गादी फाटलेली असेल, तर ऑपरेशनकडे कल जातो. तेही सहसा सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ होऊ लागल्यावर.

ऑपरेशनमध्ये स्वतःचाच स्नायुबंध घेऊन दोन्ही हाडांत बोगदे पाडून बसवतात. तो हाडात धरायला दोन-तीन महिने लागतात आणि त्या काळात, म्हणजे दुखणं थांबून उत्साह परत येतो तेव्हाच, तो सगळ्यात कमजोर असतो. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या २०१६ च्या एका अभ्यासात खेळात परतायला नऊ महिन्यांपर्यंत जितके महिने थांबावं, तितका प्रत्येक महिन्याला पुन्हा दुखापत होण्याचा धोका जवळपास निम्म्याने घटत गेला. पंचविशीच्या आत असलेल्या आणि पुन्हा मैदानात उतरलेल्या खेळाडूंपैकी साधारण चौघांत एकाचं एसीएल, त्याच किंवा दुसऱ्या पायाचं, पुन्हा जातं. त्यामुळे निवड चाचणीची तारीख बघून परतू नका. नऊ महिने पूर्ण, दोन्ही पायांच्या ताकदीत आणि एका पायावरच्या उडीत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नाही, सूज नाही: या तिन्ही अटी एकत्र पूर्ण झाल्या तरच परता.

सराव कसा करायचा

मोबाईल समोर गुडघ्याच्या उंचीवर ठेवा आणि मुलीला एका पायावर उभं राहून हळू अर्धी बैठक मारायला सांगा. गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला तर ठीक. तो अंगठ्याच्या आत गेला, कंबर एका बाजूला पडली, तर तिथे काम आहे. मग फूटभर उंचीच्या पायरीवरून दोन्ही पायांवर उडी मारायला सांगा आणि व्हिडिओ संथ करून पाहा. गुडघे एकमेकांकडे ओढले जातायत का? उतरताना धाडकन आवाज येतो का? चांगली उतरणारी मुलगी गुडघे आणि खुबा वाकवून, छाती थोडी पुढे ठेवून, जवळजवळ आवाज न करता उतरते.

फुटबॉलसाठी २००६ मध्ये तयार झालेला 'फिफा ११+' हा वीस मिनिटांचा सराव इतर खेळांनाही सहज जुळवून घेता येतो. नॉर्वेतल्या १३ ते १७ वयाच्या फुटबॉलपटू मुलींवर झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तो करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी झाल्या. त्यात हलकं धावणं, पोटाच्या आणि कडेच्या प्लँक, एका पायावरचा तोल, बैठका, उड्या आणि दिशा बदलून धावणं आहे. त्यातला एक व्यायाम मला सगळ्यात मोलाचा वाटतो: गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि अंग ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं, जमेल तितकं सावरायचं. मांडीच्या मागचे स्नायू याने बळकट होतात, आणि नडगीला मागे धरणारे तेच आहेत. सुरुवातीला तीन ते पाच वेळा पुरेत; दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतील. कबड्डीच्या संघांनी यात बोनसचं पाऊल टाकून गुडघा वाकवत वळण्याचा सराव जोडावा, आधी चालत, मग अर्ध्या वेगाने. एका मोठ्या पिळाऐवजी दोन-तीन छोट्या पावलांत वळायला शिकवा.

हे हंगामाच्या तोंडावर पंधरा दिवस करून भागत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा, हंगामभर करावं लागतं. बाजारातली नी-कॅप ऊब आणि धीर देते, एसीएल वाचवत नाही. तिच्या भरवशावर हा सराव टाळू नका.

तालुक्याच्या, शाळेच्या संघांच्या प्रशिक्षकांना कळकळीची विनंती: उद्यापासून सरावाची पहिली वीस मिनिटं यासाठी राखून ठेवा, आणि ज्या मुलीचा गुडघा दोन तासांत सुजला तिला डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पुन्हा मॅटवर उतरवू नका, मग सामना अंतिम फेरीचा का असेना.